स्कूटर, स्नो, तीन नग

माझ्या मामेसासऱ्यांइतका कर्तबगार आणि त्यांच्याइतका निरुपयोगी माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही. जिल्ह्याबाहेरचं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. या एकाच माणसाने मला पुरेसं छळलं आहे. मोडकी वस्तू दिसली की त्यांच्या डोळ्यांत जी माया दाटून यायची, ती माणसाकडे बघताना कधी दिसली नाही, निदान धडधाकट माणसाकडे बघताना तरी नाही. माझ्या लग्नात मी बोहल्यावर उभा असताना, सासऱ्यांनी नुकतंच दिलेलं घड्याळ त्यांनी माझ्या मनगटावरून उतरवून घेतलं. "टिकटिक लंगडतेय रे," एवढंच म्हणाले. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, मामा पहिल्या रांगेत मांडीवर रुमाल पसरून त्यात घड्याळाची चाकं मांडतायत, आणि भटजींचं स्वतःचं घड्याळ बंद पडलेलं असल्यामुळे मुहूर्त बघायला सगळा मांडव त्या रुमालाकडे बघतोय. लग्न सात मिनिटं उशिरा लागलं असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, आणि पुढे माझं जे जे बिनसलं ते तिने त्या सात मिनिटांच्या माथी मारलं. घड्याळ मात्र तेव्हापासून आजतागायत मिनिटभरही मागेपुढे झालेलं नाही. त्या माणसाचा खरा त्रास हाच होता. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तर धड कारणही हाती लागायचं नाही.

आम्ही कोपरीत एकाच इमारतीत राहायचो. मी दुसऱ्या मजल्यावर आणि मामा तळमजल्यावर, मधला एक मजला सोडून बरोबर माझ्या खाली, म्हणजे त्यांनी हातोडा मारला की माझ्या चहात तरंग उठायचे. नोकरी त्यांनी डोंबिवलीच्या मानपाड्याला, एका कारखान्यात फिटर फोरमन म्हणून केलेली. निवृत्त झाल्यावरही तिथल्या एका मित्राच्या गाळ्यात ते आठवड्यातून चार दिवस जायचे, का तर म्हणे लेथला करमत नाही. घरात मामींच्या लोणच्याच्या बरण्यांत नट, मुरंब्याच्या बरण्यांत वायसर आणि देवघरातल्या चांदीच्या करंड्यात कसलेतरी बारीक छर्रे. एकदा मामींनी घाईघाईत माझ्या भातावर मेतकूट म्हणून जे वाढलं ती व्हॉल्व्ह घासायची पूड निघाली. मी ओरडलो, तर मामा धावत आले आणि माझ्या ताटातून ती चमच्याने परत डबीत भरू लागले. बोलण्याची तऱ्हा तर अशी, की यंत्रांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे. पंपाला म्हणायचे, "या, बसा, काय होतंय तुम्हाला?" आणि मला, चांगल्या कचेरीतल्या हेडक्लार्कला, सख्ख्या भाचीच्या नवऱ्याला, चारचौघांत "अरे ए, तो पाना दे रे." भाचजावयाला असं बोलतात का, हे मी बायकोला शंभरदा विचारलं. ती म्हणायची, "अहो, तुम्ही त्यांना माणूस वाटता, बरं माना." हे मला तेव्हा मुळीच बरं वाटलं नाही.

आता स्कूटरचं सांगतो. त्या काळात स्कूटर नोंदवायची आणि नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघायची, अशी पद्धत होती. आमच्या शेजारच्या एकाने मुलीच्या बारशाला नोंदवलेली स्कूटर तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला घरी आली. अशात एका संध्याकाळी मामा एक टंकलिखित कागद फडकावत दुसऱ्या मजल्यावर आले. कुठल्याशा सरकारी डेपोतल्या निकामी सामानाच्या लिलावाची ती यादी होती. पंखे, तंबू, पातेली, आणि सव्विसाव्या ओळीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं: स्कूटर, स्नो, तीन नग.

आमच्या पिढीला स्नो म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती, बायका तोंडाला लावायच्या तो. घरोघरी आरशासमोर स्नोची बाटली आणि पावडरचा डबा. मामांचं म्हणणं पडलं की या स्कूटरी स्नो बनवणाऱ्या कंपनीच्या फिरत्या विक्रेत्यांच्या असणार, कर न भरल्यामुळे सरकारजमा झाल्या असणार. मी जास्त शिकलेला. मी त्यांना समजावून दिलं की सरकारी यादीत वस्तूचं नाव आधी आणि वर्णन मागून येतं, तेव्हा स्नो हा रंग, म्हणजे स्कूटरी पांढऱ्या आहेत. यावर आमचा अर्धा तास वाद झाला, तो जिना उतरून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "स्नो लागलेला का असेना, पुसून घेऊ." बर्फाचा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. कोपरीत बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशातून येणारा, मासळीवर टाकायचा. त्याच्यावरून कोणी स्कूटर चालवतं, हे आम्हाला कोण सांगणार?

मामांनी लिलावात त्या सव्विसाव्या ओळीवरचे तिन्ही नग घेतले. तीनपैकी एक स्कूटर माझी, असं त्यांनीच आपण होऊन सांगितलं, मी मागितली नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पण एकदा सांगितल्यावर मी जे काही केलं ते सगळं माझं. कचेरीत मी पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना रोज मागच्या सीटवरून सोडायचं कबूल केलं. आणि एक शनिवार गाठून हेल्मेट विकत आणलं, लालभडक, काच असलेलं. स्कूटर यायच्या आधी पंधरा दिवस ते आमच्या रेडिओवर विराजमान होतं. माझी मुलगी मनू तेव्हा सात वर्षांची होती. ती ते घालून घरभर फिरायची आणि तोंडाने फटफट आवाज काढायची.

ट्रक आला तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. मी इस्त्रीची पँट घालून सगळ्यांच्या पुढे उभा. ताडपत्री निघाली आणि आत तीन गंजकी धुडं दिसली. पुढे चाकांच्या जागी दोन-दोन वाकड्या फळ्या, मागे एक रुंद फाटका रबरी पट्टा, मध्ये उंदरांनी कुरतडलेली सीट आणि नाकावर कुठल्यातरी परक्या लिपीतली अक्षरं. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी प्रेमाने विचारलं, "मामा, गिरणी टाकताय का?" त्यानंतर जो हशा पिकला तो माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. ट्रकवाल्यालाच दया आली. तो म्हणाला, "साहेब, ये बरफ की गाडी है. उपर पहाडी में चलती है. पुरानी है, अब कोई नहीं रखता." मी वर निघून गेलो. कचेरीत पुढची दोन वर्षं मला स्नोवाले म्हणायचे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ रोज संध्याकाळी हसून विचारायचे, "निघायचं का? बर्फ पडला का ठाण्यात?"

आणि मामा? मामांचा चेहरा मी वरून खिडकीतून पाहिला. पोटच्या मुलींना सासरी छळ होऊन परत आलेलं पाहावं, तसा माणूस त्या तीन धुडांभोवती फिरत होता. एकीच्या नाकावरून हात फिरवून म्हणाला, "किती हाल केलेत हो तुमचे." संध्याकाळपर्यंत तिघी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली गेल्या आणि त्यांची नावंही पडली: थोरली, मधली आणि धाकटी. मी बायकोला म्हटलं की तुझ्या मामांना वेड लागलंय. ती म्हणाली, ते आधीच लागलेलं आहे, तुम्हाला आज कळलं.

पुढचं वर्षभर मानपाड्याच्या त्या लेथवर दुसरं काही झालंच नसावं. मामांनी पिस्टनच्या रिंगा स्वतः कातल्या, सीटा गोणपाटाने आणि मामींच्या जुन्या नऊवारीने मढवल्या, आणि फाटक्या पट्ट्यांच्या जागी जोडून-जोडून काय घातलं असेल, तर पिठाच्या गिरणीचे जुने पट्टे. वहिनींची थट्टा त्यांनी अशी मनावर घेतली होती. थोरली पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा असा धूर निघाला की इमारतीतल्या तीन घरांनी दूध उतू गेलं समजून गॅस बंद केला. गाडी सुरू झाली खरी, पण चालायची कशावर? डांबरावर फळ्यांतून ठिणग्या उडायला लागल्या. हा प्रश्न सोडवला हिराबायने. ही कोळीवाड्यातली बाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. पाटी खाली ठेवून तिने गाडी खालून-वरून पाहिली आणि म्हणाली, "मामा, ही गारी बर्फावर चालतं, त चिखलान का नाय चालाची? आमची निवटी बगा कशी चालतं." निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली मासळी, ओहोटीला चिखलावरून पोट घासत सुळकन उड्या मारत जाते. मामांनी हिराबायच्या पायाच पडायचं बाकी ठेवलं.

पुढच्याच रविवारी सकाळी, भर ओहोटीला, थोरली खाडीच्या चिखलात उतरली. जुन्या मिठागराच्या बांधावर अख्खी कोपरी. थोरली रिकामीच वीस पावलं गेली आणि सीटपर्यंत रुतली. कोळ्यांनी होडीचे दोर बांधून ती ओढून काढली आणि मामा गुडघाभर चिखलात उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण वीस पावलं गेली होती. मग त्यांनी पुढच्या फळ्या दुप्पट रुंद केल्या, नको ते लोखंड उतरवलं, आणि महिनाभराने थोरली त्या काळ्या चिखलावरून अशी सरकत गेली की पलीकडे कळव्याच्या बाजूला उभी असलेली माणसं हात हलवायला लागली. मधली पुढच्या दिवाळीत सुरू झाली. धाकटी मात्र हटून बसली होती. तिला किक मारली की ती एकदाच खोकायची आणि गप्प व्हायची. "त्यांना वेळ लागेल," मामा म्हणायचे, "सगळ्यांत नाजूक आहेत त्या."

आता एवढी मेहनत केल्यावर कोणी काय केलं असतं? तिकीट लावलं असतं, निदान वर्तमानपत्रात फोटो छापून आणला असता. मामांनी फुकट पोरं बसवली. इमारतीतली, कोळीवाड्यातली, स्टेशनजवळच्या झोपडपट्टीतली, जो येईल तो. गाड्यांचा वेग त्यांनी माणसाच्या चालीइतका बांधून टाकला होता आणि प्रत्येक गाडीच्या इंजिनाला एक लांब दोरी लावली होती. ती दोरी हातात धरून ते बांधावरून चालायचे. पोर जरा भलतीकडे वळलं की दोरी ओढायची, इंजिन बंद. नियम एकच, त्यांच्या घराच्या दाराची बाहेरची कडी. दाराला पाठ लावून उभं राहायचं. डोकं कडीच्या खाली असेल तर बसायला मिळणार, कडीला टेकलं तर नाही. वाण्याचा मोठा मुलगा अर्ध्या बोटाने नापास झाला आणि जिन्यात बसून रडला. त्याच्या बापाने रदबदली केली, तर मामा म्हणाले, "अरे, मोठी माणसं बसली की गाडी रुतते." ते वजनाबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, देव जाणे. स्वतः ते एकदाही बसले नाहीत. कडी त्यांच्या छातीला लागायची.

माझं हेल्मेट त्यांनी मागून नेलं. मी म्हटलं, न्या, माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे. तीन हिवाळे कोपरीतलं प्रत्येक पोर दर रविवारी माझं लाल हेल्मेट घालून चिखलावरून गेलं, फक्त माझं पोर गेलं नाही. मनू दर रविवारी विचारायची, "बाबा, आज जाऊ?" पहिल्या वर्षी मी म्हटलं, तू लहान आहेस. मग म्हटलं, खोकला आहे. मग चौथीची स्कॉलरशिप आली, आणि स्कॉलरशिपच्या नावाखाली तर महाराष्ट्रात मुलांना काहीही नाकारता येतं. खरं कारण वेगळंच होतं. त्या गाडीवर माझी मुलगी बसलेली कचेरीतल्या कोणी पाहिली असती तर? आणि ती बसायची कोणाबरोबर, तर हिराबायच्या नातवंडांबरोबर, अंगाला चिखल फासून. मी हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मामांना ते कळलं असावं. ते मनूला म्हणाले, "तू थोरलीवर बसूच नकोस. धाकटी तुझी. त्या सुरू झाल्या की पहिली तू. तोवर बाबाला तयार कर." मनू खाली जाऊन रोज धाकटीला विचारायची, "झालात का हो बऱ्या?" आणि येताना दाराला पाठ लावून कडी बघायची. ती भराभर उंच होत होती. माझ्या घराण्यात सगळे बुटके, पण ही मामांच्या बाजूला गेली होती.

त्याच सुमारास मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. ज्याला घरात कोणी विचारत नाही तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो, हा माझा अनुभव आहे. आणि त्याच सुमारास खाडीलगतच्या त्या जमिनीवर भराव घालून इमारती उठवायचं कोणाच्यातरी मनात आलं. ते गृहस्थ आमच्या कमिटीसमोर चहा पिऊन गेले. त्यांना फक्त एक कागद हवा होता: त्या दलदलीचा रहिवाशांना उपद्रव होतो, तिथे भलते प्रकार चालतात, अशी एखाद्या रहिवाशाची तक्रार. त्या बदल्यात आम्हाला कुंपणाची भिंत आणि मुलांसाठी सिमेंटची घसरगुंडी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण टाइपरायटर माझ्याकडे होता. खाली बायकोचे मामा राहतात, म्हणून मी सही केली नाही. 'एक त्रस्त रहिवासी' एवढंच टाइप केलं. वेळी-अवेळी चालणारा गोंधळ, त्यामुळे होणारा धूर, लहान मुलांच्या जिवाशी खेळ, असं सगळं झकास लिहिलं. मजकूर उत्तम होता. मला कचेरीत मसुद्यांसाठीच ठेवलेलं होतं.

पंधरा दिवसांनी एक सरकारी माणूस चौकशीला आला आणि त्याने तो कागद मामांना वाचायला दिला. तो गेल्यावर मामा दुसऱ्या मजल्यावर आले. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. मी दार उघडलं, तर ते माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या टाइपरायटरकडे गेले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "तुमचा ळ वर उडतोय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्या यंत्राचा ळ पहिल्यापासून ओळीच्या वर उडत असे. मामांनी दोनदा नीट करून दिला होता, तरी उडायचाच. त्या तक्रारीत वेळी-अवेळी होतं, गोंधळ होता, खेळ होता, त्यामुळे होतं. प्रत्येक ळ ओळीतून मान वर काढून माझं नाव सांगत होता. वीस मिनिटं मामांनी ते यंत्र उघडून ठेवलं, कसलीशी पट्टी वाकवली, तेल घातलं, आणि कागद लावून एकच अक्षर ओळभर मारून बघितलं. ळळळळळळ. सगळे सरळ रेषेत. मग उठले. "आता त्रास नाही देणार तुम्हाला," म्हणाले आणि गेले. ते टाइपरायटरशी बोलत होते असं मी बराच वेळ स्वतःला समजावलं. यंत्रांना ते अहो म्हणायचेच. पण त्या दिवसापासून मलाही त्यांनी अहो-जाहो सुरू केलं. "सेक्रेटरी, तुमचं पत्र आलंय." "तुम्ही आधी जा." बारा वर्षं मी ज्या मानाची वाट बघत होतो तो मला मिळाला, आणि जिन्यात ते समोरून आले की मी वरच्या पायरीवर थांबून राहू लागलो.

भराव पडायला लागला. डंपरमागून डंपर, तांबडी माती, फुटक्या विटा. पहिल्याच पावसाळ्यानंतर चिखलाची जागा अशी बुजली की निवटी दिसेना. हिराबाय मासळी घेऊन आमच्या दारी यायची बंद झाली. एकदा बाजारात दिसली तेव्हा मी भाव विचारला, तर म्हणाली, "तुमाला नाय देयाची," आणि शेजारणीशी बोलत राहिली. थोरली आणि मधली भंगारात गेल्या. भंगारवाला त्यांना तोडायला लागला तेव्हा मामा आत जाऊन बसले आणि मामींनी दार लावून घेतलं. घसरगुंडी आली. वर्षभरात तिला मधोमध भेग गेली. ती कोणी बुजवली, हे सांगायला नको.

धाकटी मात्र त्यांनी दिली नाही. मागच्या पत्र्याखाली तिची दुरुस्ती चालूच राहिली. मनू आठवीत असतानाची एक दुपार मला आठवते. रविवार होता, मी जेवून आडवा झालो होतो, आणि खालून तो आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग अडखळत, मग एकसारखा, गोड म्हणावा इतका एकसारखा. धाकटी सुरू झाली होती. मी खिडकीतून पाहिलं. मामा दोन्ही हात जोडून गाडीसमोर उभे होते आणि मनू लाल हेल्मेट घालून सीटवर हात ठेवून उभी होती. बसली नव्हती, फक्त उभी होती. तिने मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मामांनी कळव्याकडच्या किनाऱ्यावर अजून शाबूत असलेला चिखल पाहून ठेवला होता, धाकटी तिकडे न्यायला टेम्पोही सांगून ठेवला होता, हे मला नंतर बायकोकडून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सगळ्या खिडक्यांत डोकी आहेत आणि समोरच्या इमारतीतला कमिटी मेंबर घड्याळाकडे बोट दाखवतोय. दोन ते चार आवाज करायचा नाही, हा नियम मीच फलकावर लावला होता. मी वॉचमनला हाक मारली आणि खाली पाठवलं.

इंजिन बंद झालं. मनूने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि वर आली. आल्यावर तिने मला विचारलं, "बाबा, चहा टाकू?" मला तेव्हा वाटलं, पोरगी समजूतदार निघाली. आज ती आठवण आली की मला माझीच लाज वाटते. धाकटी त्यानंतर पुन्हा सुरू झाली नाही. मामा तिच्याकडे जायचे, पण हत्यारं न घेता, नुसते.

मामी गेल्यावर दोन वर्षांनी मामांच्या मुलीने त्यांना मानपाड्याला, आपल्या घरी न्यायचं ठरवलं. तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला त्यांना वेळ लागायचा, आणि ते बटणाला म्हणायचे, "सावकाश, सावकाश, घाई नाही तुम्हाला." बरण्या वाटून टाकल्या. धाकटी सामानाच्याच टेम्पोत चढवली, कारण तिच्याशिवाय ते चढेनात. रिकाम्या घराची किल्ली सेक्रेटरीने ताब्यात घ्यायची म्हणून मी खाली गेलो. मामी गेल्या त्या दिवशीची गर्दी सोडली, तर सहा वर्षांत मी त्या दाराशी पहिल्यांदा जात होतो. मामांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवताना मागे वळून म्हणाले, "अरे, कडी जरा कडक झालीये. हात वर करून ओढ."

सहा वर्षांनी ते मला अरे म्हणाले होते. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी किल्ली मुठीत धरून उभा होतो. मागे मनू उभी होती, कॉलेजात जायला लागलेली, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मी दाराकडे वळलो आणि मला कडी सापडेना. हात सवयीने जिथे गेला तिथे नुसतं लाकूड होतं. मग दिसलं. छातीच्या उंचीवर, जिथे ती पूर्वी होती, तिथे स्क्रूची बुजवलेली भोकं. त्याच्यावर दोन बोटांवर पुन्हा भोकं. त्याच्यावर पुन्हा. लांबीने नीट बुजवून, वर रंगाचा हात मारून, एकावर एक अशी दारावर शिडीच चढत गेली होती. आणि कडी होती अगदी वर, माझ्या डोक्याच्याही वर.

"दर वाढदिवसाला सरकवायचे," मनू म्हणाली. "मी मागे उभी राहायचे, ते पेन्सिलने खूण करायचे. म्हणायचे, कोणाला सांगू नकोस, नियम म्हणजे नियम. गेल्या महिन्यात शेवटची सरकवली. स्टुलावर चढले होते, मी धरलं होतं."

"गेल्या महिन्यात?" मी म्हटलं. "अगं, पण चिखल कुठे राहिलाय आता? गाडी तरी कुठे चालतेय?"

"मी पण तेच म्हटलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, तुझा बाबा हो म्हणाला आणि तू कडीला टेकलीस, तर काय करायचं?"

मला तिला खूप काही विचारायचं होतं. मी एवढंच विचारलं, "मला का नाही कधी सांगितलंस?"

ती दाराला पाठ लावून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी, टाचा जुळवून. कडी तिच्या डोक्यावर दोन बोटं होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही सेक्रेटरी होता ना."

मग ती बाजूला झाली. मी दार ओढलं, आणि चवड्यांवर उभं राहून, हात वर करून, कडी घातली.